पेरोंची आल्सेस्टिस आणि थेऊरचा अंतकाल

पुण्याहून सोलापूरच्या सडकेनें निघालें म्हणजे लोणी काळभोर मागें पडतांच डाव्या हातास थेऊरची वाट फुटते. ह्या वाटेच्या शेवटीं, मुळामुठेच्या कांठीं, शके १६९४ नंदननाम संवत्सरीं कार्तिक वद्य अष्टमीस, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, थोरले माधवराव पेशवे वारले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. ग्रँट डफानें ह्या मृत्यूची सांगड पानिपताशीं घातली, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ह्या प्रसंगानंतर तेरा वर्षांनीं, इ. स. १७८५ सालीं, पॅरिस शहरीं प्येर पेरों नांवाच्या चित्रकारानें एक मोठें चित्र लोकांपुढें मांडलें. विषय ग्रीक शोकनाट्यांतला : नवऱ्याच्या जिवासाठीं आपण होऊन मरण पत्करणारी राणी आल्सेस्टिस हिचा अंतकाल. चित्राच्या नांवास जोडही दिली होती. तिचा आशय असा, कीं ही दांपत्यप्रेमांतली वीरवृत्ति होय. पेरोंस थेऊर ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें, व थेऊरास पेरों ठाऊक होण्याचें तर त्याहूनही नव्हतें. तरी हीं दोन मरणें शेजारीं ठेवून पाहावीं असें आम्हांस वाटतें, आणि त्याचें कारण निव्वळ कुतूहल नव्हे.

कारण असें. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा इ. स. १८५७ सालीं निघाली. तेथें विद्यार्थ्यांस ग्रीक व रोमन पुतळ्यांच्या चुनखडी प्रतिकृतींवरून हात बसवावा लागे. पुण्यांत चित्रशाळा छापखाना १८७८ त निघाला, रविवर्म्याचा मुंबईचा छापखाना १८९४ त. आणि ऐतिहासिक व पौराणिक चित्रें घरोघर भिंतींवर गेलीं. ह्या सर्व मार्गांनीं मराठी डोळ्यास एक संवय लागली. थोर पुरुषाचें मरण म्हटलें, कीं मागें पडदा, मध्यें पलंग, पलंगावर उजेड, आणि भोंवतीं ठरावीक अंतरानें उभें केलेलें दुःख, अशी मांडणी आपणांस स्वाभाविक वाटूं लागली. ती स्वाभाविक नाहीं. ती एका परक्या संप्रदायाची मांडणी आहे, आणि पेरोंचें चित्र त्या संप्रदायाचा अस्सल नमुना आहे. परकें रूप ह्या मातींत रुजूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. खुद्द लोणी काळभोरास इ. स. २०१८ सालीं ज्ञानेश्वर महाराजांच्या नांवानें उभा राहिलेला १६० फूट व्यासाचा घुमट रोमच्या पँथिऑनाच्याच कुळांतला आहे, व तो कोणास खुपत नाहीं. परंतु घुमट हा आपण अमुक दिवशींचा साक्षीदार आहों असें म्हणत नाहीं. चित्र तसें म्हणतें, निदान पाहणारा त्याच्या तोंडीं तसें घालतो; आणि जुन्या चित्रांचा संग्रह करणारांस तर ह्या गोष्टीचा निवाडा नित्य करावा लागतो.

प्रथम चित्राविषयीं. पेरों इ. स. १७४४ त दक्षिण फ्रान्सांतील एक्स गांवीं जन्मला. १७७३ सालीं रोमला पाठविण्याच्या शिष्यवृत्तीच्या चढाओढींत त्यानें दाविदास मागें टाकलें; दाविदास ती पुढच्या वर्षीं मिळाली. प्रस्तुत चित्र राजाच्या इमारतखात्याच्या मागणीवरून झालें. हल्लीं तें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. उंची सुमारें पावणेअकरा फूट व रुंदी जवळजवळ तितकीच. शय्येवर आल्सेस्टिस आहे व उजेडाचा बहुतेक सांठा तिच्या अंगावर आणि पांढऱ्या वस्त्रांवर पडला आहे. शेजारीं पति आडमीटस दुःखानें वांकलेला, जवळ मुलें, भोंवतीं दासींचा आक्रोश, आणि बाकी सर्व दालन काळोखांत बुडालेलें. ही रचना पेरोंची स्वतःची नव्हे. मरणशय्येभोंवतीं माणसें मांडण्याची ही रीत शंभर वर्षांहून अधिक आधीं होऊन गेलेल्या पूसाँ ह्या चित्रकाराची. त्याचीं जर्मानिकसच्या मृत्यूचें व युदामिदासच्या मृत्युपत्राचें अशीं दोन चित्रें पेरोंच्या पिढीस जणूं व्याकरणासारखीं होतीं. तें व्याकरण पेरों चांगलें जाणतो. मंद रंग आणि एकाच ठिकाणीं गोळा केलेला प्रकाश ह्यांमुळें आवाज न करतां दुःख उभें राहतें, व पाहणारा प्रथम मरणाऱ्या स्त्रीकडे व मग इतरांकडे वळतो. हा गुण लहान नव्हे. मात्र दासींच्या बाबतींत त्याचा हात शिक्षकाचा होतो. प्रत्येकीस रडण्याची निराळी तऱ्हा नेमून दिली आहे. एकीची दुसरीस येत नाहीं. खऱ्या शोकांत माणसें इतकी वांटणी करून रडत नाहींत.

त्याच प्रदर्शनांत दाविदाचें ‘होराशियांची शपथ’ हें चित्र आलें, आणि लोकांचे डोळे तिकडे गेले. तलवारींकडे पसरलेले तीन भावांचे हात लोकांस समजले; काळोखांतली शय्या मागें पडली. दोन वर्षांनीं, १७८७ त, दोघांनींही सॉक्रेटिसाचा मृत्यु हाच विषय घेतला व पेरोंचा पुन्हां पाडाव झाला. पुढें दाविदाच्या नांवाखालीं तो जवळजवळ झांकून गेला व १८१४ सालीं वारला. त्याच्यावर थोडा अन्याय झाला असें आमचें मत आहे. परंतु आमचा वाद तो नव्हे.

आतां मूळ नाटकाकडे वळूं. युरिपिडीजचें हें नाटक इ. स. पूर्वीं ४३८ त अथेन्स येथें झालें. तीन शोकनाट्यांनंतर चौथें म्हणून जो हास्यप्रधान खेळ करावयाचा त्याच्या जागीं तें आलें होतें, आणि म्हणूनच त्याचा शेवट शोकांत नाहीं : हेराक्लीज मृत्यूशीं झुंजून राणीस परत आणतो. कथा अशी, कीं आडमीटस राजाचें मरण ओढवलें असतां कोणी बदली मरण्यास तयार झाल्यास तो वांचेल असा वर अपोलो देवानें मिळविला. म्हाताऱ्या आईबापांनीं नाकारलें, बायकोनें पत्करलें. नाटकांत आल्सेस्टिस मरते ती बाहेर, राजवाड्याच्या दारापुढें, उघड्यावर. तिला सूर्य पाहावयाचा असतो म्हणून तिला बाहेर आणतात. ग्रीक रंगमंचावर आंतलें दालन दाखविणें अवघड होतें हें खरेंच, पण युरिपिडीजनें त्या अडचणीचें सोनें केलें. पेरोंनें तिला पुन्हां आंत नेली, दारें लावलीं, पडदे सोडले. उजेडाचा निरोप घेणाऱ्या बाईस त्यानें अंधार दिला. हा बदल लहान दिसतो. परंतु त्यानें नाटक जाऊन पूसाँची शय्या राहिली.

दुसरी वगळलेली गोष्ट ह्याहून मोठी आहे. नाटकांत प्रेत जवळच असतांना बाप फेरीज अंत्यभेट घेऊन येतो. मुलगा त्यास दूषण देतो, कीं तूं म्हातारा असून माझ्यासाठीं मेला नाहींस. तेव्हां बाप उलट त्यालाच विचारतो, कीं हिला मारलें कोणी? जगावयाचें तुला होतें. ही तक्रार नाटकांतून काढली, तर आल्सेस्टिसचें मरण निव्वळ स्तुतीचा विषय उरतो. पेरोंच्या चित्रांत फेरीज नाहीं, आणि चित्राच्या जोडनांवानें त्याच्या प्रश्नास आधींच उत्तर देऊन टाकलें आहे. आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. नाटकांतला आडमीटस बायकोस वचन देतो, कीं चतुर कारागिरांकडून तुझी मूर्ति करवून शय्येवर ठेवीन. आणि तें समाधान थंडच असेल हें त्याच दमांत कबूलही करतो. युरिपिडीजनें चित्रकारांसाठींच हें बोलणें लिहिलें असावें, असें आमच्या मनांत कधींकधीं येतें.

येथें पॅरिसांतील आणखी एका प्रकाराची नोंद केली पाहिजे. ग्लूकचें ‘आल्सेस्ट’ हें संगीतनाट्य तेथें १७७६ त झालें होतें, म्हणून राणीची गोष्ट प्रेक्षकांच्या कानांत ताजी होती. त्याच शहरांत लमिएर नांवाच्या कवीचें ‘मलबारची विधवा’ हें शोकनाट्य १७७० त आलें; प्रथम चाललें नाहीं, पण १७८० त पुन्हां लावलें तेव्हां त्यास मोठी गर्दी लोटली. नायिका हिंदु विधवा, तिला चितेवर चढविण्यास निघालेले ब्राह्मण, आणि ऐन वेळीं तिला सोडविणारा फ्रेंच सेनापति. नाटकास जोडनांव होतें तें रूढीच्या साम्राज्याचें. म्हणजे पांच वर्षांच्या अंतरानें तेच प्रेक्षक एका ठिकाणीं पतीसाठीं मरणाऱ्या ग्रीक स्त्रीस वीर म्हणत होते व दुसऱ्या ठिकाणीं पतीमागें मरणाऱ्या हिंदु स्त्रीस रूढीचा बळी म्हणत होते. दोन्ही गोष्टी अगदीं एक नव्हेत. आल्सेस्टिस मरते म्हणून नवरा जगतो. सती जाते तेव्हां नवरा आधींच गेलेला असतो. पहिल्या मरणास निदान हिशेब आहे. परंतु फरक करणारांनीं हा फरक केला नव्हता. त्यांनीं वस्त्रें पाहून फरक केला. पांढऱ्या ग्रीक वस्त्रांत जें उदात्त, तें मलबारी वेषांत अमानुष. आम्ही हें सतीच्या चालीचें समर्थन म्हणून लिहीत नाहीं. ती चाल बंगाल्यांत १८२९ त व मुंबई इलाख्यांत १८३० त कायद्यानें बंद झाली, व योग्य झालें. आमचें म्हणणें इतकेंच, कीं फेरीजचा प्रश्न दोन्ही ठिकाणीं विचारावयास हवा होता.

थेऊरास तो कोणी विचारावा? माधवराव वारले तेव्हां त्यांचें वय सत्तावीस वर्षांचें. क्षयानें शरीर पोखरलेलें. चिंतामणीवर त्यांची निष्ठा होती. तेथील सभामंडप त्यांनींच बांधविला, आणि शेवटचे दिवस त्याच देवाच्या सान्निध्यांत काढले. गजाननाचें नांव घेत प्राण गेला, असें परंपरा सांगते. १७६८ त धोडपेवर पराभव पावून कैदेंत पडलेल्या रघुनाथरावास त्यांनीं जवळ बोलाविलें आणि सतरा वर्षांचा धाकटा भाऊ नारायणराव ह्यास त्याच्या हवालीं केलें. हा खरा चित्राचा क्षण. आल्सेस्टिस मुलें नवऱ्याच्या हातीं देते, त्यांस सावत्र आई आणूं नको असें वचन घेते. प्रेक्षकास ठाऊक असतें, कीं हेराक्लीज येणार आहे. येथें नारायणरावाचा हात राघोबाच्या हातीं जातो, आणि पाहणारास ठाऊक असतें, कीं ३० ऑगस्ट १७७३ येणार आहे. नऊ महिनेदेखील पुरते आणखी पंधरवडाभर लांबत नाहींत. ह्या ज्ञानाचा भार चित्रांत कसा आणावा, हा कोणाही चित्रकाराच्या कसोटीचा प्रश्न आहे. पूसाँच्या व्याकरणांत त्याचें उत्तर नाहीं. तेथें सर्व माणसें मरणाऱ्याकडे पाहतात. थेऊरच्या चित्रांत पाहणारानें मरणाऱ्याकडे नव्हे, तर त्या दोन हातांकडे पाहावयास हवें.

आणि रमाबाई? त्यांस मूल नव्हतें. पेरोंच्या चित्रांत मुलांनीं भरलेली जागा येथें मोकळीच राहावयाची. त्यांच्या तोंडीं लोकांनीं पुष्कळ बोलणीं घातलीं आहेत. दरबारी पत्रांचा स्वभावच असा, कीं त्यांत आज्ञा, कलमें, औषधें, फौजेचा खर्च हीं येतात. बाईमाणसाचा उंबऱ्याआंतला शब्द येत नाहीं. पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ च्या दरम्यान छापले गेले. त्यांतून राजकारण जितकें दिसतें तितकें माजघर दिसत नाहीं. ही उणीव नाटककारांनीं भरून काढली. विनायक जनार्दन कीर्तने ह्यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ हें नाटक इ. स. १८६१ तलें. लेखक तेव्हां विशीच्या घरांतला. आणि मराठींत स्वतंत्र ऐतिहासिक शोकनाट्य लिहिण्याचा तो पहिला प्रयत्न मानला जातो. संस्कृत नाट्यशास्त्र रंगमंचावर मरण दाखवूं देत नाहीं. भासाच्या नांवावरचें ‘ऊरुभंग’ हें नाटक त्या नियमास अपवाद आहे खरें, पण तें १९१२ च्या सुमारास त्रिवेंद्रमाहून छापलें गेलें. कीर्तन्यांस त्याचा आधार असणें शक्यच नव्हतें. तेव्हां त्यांनीं इंग्रजी नाटकांकडे पाहून थेऊरचा मृत्यु रंगमंचावर आणण्याचें धाडस केलें. धाडस खरें. गुणाच्या दृष्टीनें त्यांतील भाषा ताठ आहे व राजकारणाचा भाग लांबलेला आहे. परंतु हिंदु राजपुरुषाचें मरण देवाच्या अवताराविना व शापाविना केवळ रोगानें दाखवितां येतें, हें त्यांनीं सिद्ध केलें. एका शतकानंतर रणजित देसाई ह्यांच्या ‘स्वामी’ (१९६२) कादंबरीनें ह्या जोडप्याचें जें चित्र लोकांच्या मनांत उभें केलें, तें इतकें गोड आहे कीं त्यापुढें कागदांस कोणी विचारीत नाहीं. आम्हीही ती कादंबरी आवडीनें वाचली आहे. मात्र तिच्यांत फेरीजला जागा नाहीं, आणि तिच्या आधारावर चितारलेल्या चित्रांतही नसणार.

दुसरी बाजू थेऊरासच मिळते, व ती तैलरंगांत नाहीं. आमच्या देशांत सती गेलेल्या स्त्रीची आठवण ठेवण्याची जुनी रीत सतीशिळेची : कोपरांत वांकलेला, वर उचललेला एक हात, मनगटांत बांगड्या, वर चंद्र आणि सूर्य. तोंड नाहीं. कोण, कोणाची, हसत गेली कीं रडत, कांहींच सांगितलें नाहीं. प्राचीन ग्रीसमध्यें टिमांथीज नांवाच्या चित्रकारानें इफिजेनियाच्या बळीच्या चित्रांत बापाचें तोंड वस्त्रानें झांकलें, आणि त्या युक्तीची वाखाणणी युरोपांतील टीकाकार अठराव्या शतकापर्यंत करीत होते. पेरोंच्या पिढीचा तर तो धडाच होता. आमच्या पाथरवटानें कोणताही ग्रंथ न वाचतां सगळेंच तोंड वगळलें. संयमांत सतीशिळा पेरोंच्या पुढें आहे, हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. परंतु तिची स्तुति करतांना हेंही सांगितलें पाहिजे, कीं ज्या तोंडास जागा नाहीं त्या तोंडास विचारतांही येत नाहीं. बांगड्यांचा हात अभय देतो. तो साक्ष देत नाहीं. नाटकाच्या शेवटीं आल्सेस्टिस परत येते तीही बुरख्यांत व तीन दिवस मुकी. युरिपिडीजनें तिला बोलतें केलें नाहीं, पण ती बोलत नाहीं हें आडमीटसाच्या तोंडून विचारून आमच्या ध्यानांत तरी आणून दिलें. सतीशिळेजवळ विचारणारा कोणी नसतो.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचें. थेऊरच्या अंतकालाचें म्हणून जें चित्र पुढें येईल, त्यांत प्रथम पलंग पाहावा. मरणोन्मुख मनुष्यास पलंगावरून खालीं घेऊन सारवलेल्या भूमीवर दर्भ पसरून ठेवण्याची चाल ब्राह्मणांच्या घरीं पक्की होती. प्राण जात असतांना पेशवे पडदे लावलेल्या पलंगावर दिसले, तर चित्रकार पूसाँच्या घराण्यांतला समजावा, मग कागद कितीही पिवळा असो. दुसरें, रमाबाईंचें वस्त्र. सती जाणारी स्त्री विधवा म्हणून जात नाहीं. मळवट भरून, हिरव्या बांगड्या घालून, वाण देत, सवाशीण म्हणूनच जाते. पांढऱ्या लुगड्यांतली रमाबाई ही आल्सेस्टिसची बहीण आहे, माधवरावांची पत्नी नव्हे. तिसरें, उजेड. एकाच बाजूनें येऊन एकाच अंगावर पडणारा प्रकाश आणि बाकी काळोख, ही युरोपी तैलचित्राची खूण आहे. अठराव्या शतकांतल्या आपल्याकडील लहान चित्रांत उजेड सर्वांवर सारखा पडतो, मग तो राजा असो कीं हुजऱ्या. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चितारी पुण्यांत १७९० नंतर आला व सवाई माधवरावाच्या दरबारांतल्या माणसांचीं चित्रें त्यानें काढलीं. त्या आधींच्या थेऊरच्या प्रसंगावर युरोपी सावली असेल, तर तें चित्र मागाहूनचें, हें ठरविण्यास दुसरा पुरावा लागत नाहीं. मागाहूनचें म्हणून तें टाकून द्यावें असें नाहीं. तें कोणत्या सालीं, कोणत्या छापखान्यांत, कोणतें नाटक पाहून निघालें हें लिहून ठेविलें, तर तेंही एका निराळ्या इतिहासाचें साधन होतें.

थेऊरच्या नदीकांठच्या सतीच्या वृंदावनाचीं, दुरुस्त्या होण्यापूर्वीं काढलेलीं मापें, रेखाटनें अथवा छायाचित्रें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला, मिळाल्याचें साल व ठिकाण नमूद करून, आमच्याकडे पाठविल्यास पुढील अंकीं त्या छापण्याचें योजिलें आहे. लोणी काळभोर व थेऊर ह्या दोन्ही गांवच्या जुन्या घरांत माधवरावांच्या पुण्यतिथीच्या खर्चाचे वहीखाते असल्यास तेही आम्हांस पाहावयाचे आहेत.